झोळीवाल्यांचे तळे

लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्यासमोर सेंट जेम्स पार्क हे उद्यान आहे. त्यातील तळे निसर्गनिर्मित असावे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ते सर्वस्वी मनुष्याच्या हातचे आहे. ही जागा मूळची दलदलीची. १६०३ साली गादीवर आलेल्या पहिल्या जेम्स राजाने तेथील पाणी काढून टाकले आणि उंट, मगरी, हत्ती असे प्राणी बाळगले. त्याचा नातू दुसरा चार्ल्स परागंदा असताना फ्रान्समध्ये राहिला होता. १६६० मध्ये राज्य परत मिळाल्यावर त्याने फ्रेंच धर्तीवर येथे सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचा, दोरी धरून आखल्यासारखा सरळ कालवा खणविला.

पाण्यापाठोपाठ पाखरे आली. १६६४ साली रशियाच्या वकिलाने राजाला झोळीवाले, म्हणजे पेलिकन पक्षी, नजर केले. दुसऱ्याच वर्षी जॉन एव्हलिन या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत येथील पाखरांचे वर्णन केले. त्यात एका क्रौंचाची हकीकत आहे. मोडलेला पाय गुडघ्याच्या वर कापावा लागल्याने त्यास लाकडी पाय बसविला होता. त्याचा सांधा इतका बेमालूम साधला होता की, पक्षी त्यावर खऱ्या पायासारखा चाले. ही करामत एका शिपायाची. त्याचे नाव मात्र एव्हलिनने दिलेले नाही!

१८२७-२८ मध्ये जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञाने कालव्याचे सरळ काठ मोडून त्यास तळ्याचा वळणदार घाट दिला. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) तर तळे चक्क कोरडे केले गेले आणि तळाशी सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. मनुष्याने केलेले पाणी मनुष्याच्या गरजेपुढे किती दुबळे असते, ते येथे दिसले. युद्धानंतर कचेऱ्या हलल्या व पाणी पुन्हा भरले.

झोळीवाल्याच्या चोचीखालील पिशवी ही मासे साठविण्याची कोठी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. ते जाळे आहे. पक्षी मासळी पाण्यासकट उचलतो, मान खाली दाबून पाणी निथळू देतो आणि मग मासा गिळतो. येथील पक्ष्यांना माणसे मासे घालतात. तरी २००६ साली त्यांतील एकाने लोकांदेखत एक जिवंत कबूतर गिळले. हाच पांढरा झोळीवाला हिवाळ्यात गुजरातच्या सरोवरांवर आपल्या पंखांनी येतो. लंडनमध्ये मात्र त्याचा थवा देणगीवरच टिकून आहे. २०१३ साली प्राग शहराने तीन पक्षी पाठविले.

न बोलावता आलेली पाखरे निराळी. पाणकोंबडी व वारकरी येथे आपापली घरटी बांधतात. कपाळी पांढरा टिळा लावलेला हा काळा वारकरी आपल्या तळ्यांवर पोहणाराच. टेम्सच्या काठीही त्याचा टिळा तोच आहे.