भित्र्या स्वारानें घोडा कसा निवडावा

घोड्याची भीति वाटणें ही लाजेची गोष्ट आहे, असा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. मराठ्यांच्या घोडदळानें १७५८ सालीं अटकेपर्यंत धांव घेतली, ही कथा ज्या घरांत आजोबांच्या तोंडून ऐकली जाते, त्या घरांतील मुलानें अगर सुनेनें घोड्यापाशीं जातांना कचरावें, हें वडीलधाऱ्यांस रुचत नाहीं. परंतु इतिहासाचा अभिमान ही एक गोष्ट आणि साडेतीनशें किलो वजनाच्या सजीव, चपळ व स्वतंत्र बुद्धीच्या प्राण्यावर मांड ठोकून बसणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलीनें दुसरी साधत नाहीं.

अलीकडे शहरांच्या आसपास अश्वारोहणाचे वर्ग चालतात. तेथें तरुणांप्रमाणेंच प्रौढ स्त्रीपुरुषही शिकावयास जातात. वर्गांतील सवयीच्या घोड्यावर चार-सहा महिने बसलें, आणि गांवीं थोडी जागा असली, म्हणजे स्वतःचा घोडा असावा असें मनांत येऊं लागतें. नेमका हाच प्रसंग जपण्याचा आहे. घोडा चुकीचा निघाला तर पैसा जातो, प्रसंगीं हाडें मोडतात, आणि जी भीति सहवासानें ओसरावयाची ती जन्माची कायम होते. शिवाय त्या मुक्या प्राण्याचेही हाल होतात. कोणी बसत नाहीं म्हणून तो खुंट्याला बांधून राहतो, बांधून राहिल्यानें अधिकच अवखळ होतो, आणि शेवटीं ‘खोडकर’ हें नांव घेऊन पडत्या किंमतीनें दुसऱ्याच्या दारीं जातो. म्हणून घोड्याची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं, दोन जिवांच्या सुखाचा प्रश्न आहे.

प्रथम घोड्याची प्रकृति ध्यानीं घ्यावी. घोडा हा मूळचा गवत खाणारा व हिंस्र श्वापदांपासून पळून जीव वांचविणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळें मान न वळवितां त्याला जवळजवळ चोहींकडचें दिसतें. फक्त नाकासमोरची थोडी जागा व थेट पाठीमागची जागा त्याच्या दृष्टीआड राहते. संशय आला कीं आधीं पळावयाचें आणि मग विचार करावयाचा, हा त्याचा कुलधर्म. तेव्हां घोडा बुजतो तो दुष्टपणानें नव्हे. तो स्वतःच भितो, आणि पाठीवरच्या माणसाचें भयही त्याला कळतें. स्वीडनमधील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मोठा बोधप्रद आहे. घोडे धरून चालणाऱ्या व घोड्यांवर बसलेल्या माणसांना सांगण्यांत आलें कीं, ह्या खेपेस तुम्ही जवळून जातांना एक छत्री एकदम उघडली जाईल. प्रत्यक्षांत छत्री उघडलीच नाहीं. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीची कांहींच वार्ता नव्हती त्या घोड्यांच्या हृदयाचेही ठोके वाढले! ह्याचा अर्थ उघड आहे. भित्रा स्वार आणि भित्रा घोडा ही जोडी जमावयाची नाहीं. दोघांपैकीं एकानें तरी स्थिर असावयास पाहिजे, आणि स्वार अस्थिर असेल तर स्थैर्य घोड्याकडून घ्यावयाचें.

हें स्थैर्य बहुधा वयानें व अनुभवानें येतें. ‘लहान शिंगरूं घेऊं, तें आपल्याबरोबर शिकेल’ हा विचार दिसावयास गोड, पण परिणामीं घातक होय. कच्चा स्वार व कच्चा घोडा एकमेकांस केवळ भय शिकवितात. नवशिक्यानें आठ-दहा वर्षांहून कमी वयाचा घोडा सहसा घेऊं नये. प्रकृति निकोप असेल तर पंधरा-सोळा वर्षांचा घोडाही त्याला अनेक वर्षें उत्तम साथ देतो. वयाची परीक्षा दांतांवरून होते. समोरच्या दुधाच्या दांतांपैकीं मधली जोडी सुमारें अडीच वर्षांनीं, तिच्या बाजूची साडेतीन वर्षांनीं व कडेची साडेचार वर्षांनीं पडून कायमचे दांत येतात. पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. त्यानंतर खालच्या दांतांच्या माथ्यावरील खळगे सहाव्या ते आठव्या वर्षापर्यंत मधून कडेकडे क्रमानें झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दांतावर हिरडीलगत एक उभी खांच दिसूं लागते, ती पंधराव्या वर्षीं अर्ध्यावर व विसाव्या वर्षीं टोंकापर्यंत पोंचते. हीं मानें अंदाजाचीं आहेत, तरी विकणाऱ्याचें बोलणें पारखण्यास पुरेशीं आहेत.

आतां शुभलक्षणांविषयीं. आपल्याकडील बाजारांत घोड्याच्या अंगावरील भोवऱ्यांना फार महत्त्व देतात. अमुक जागीं भोवरा असला तर धन्याची भरभराट, तमुक जागीं असला तर कुळाचा नाश! चारी पाय व तोंड पांढरें असलेला पंचकल्याणी घोडा दिसला कीं किंमत चढलीच. हे भोवरे म्हणजे आपल्या अश्वशास्त्रांतील ‘आवर्त’. जयदत्ताच्या ‘अश्ववैद्यका’सारख्या ग्रंथांतून अशा लक्षणांचा ऊहापोह आहे, आणि त्या ग्रंथांविषयीं आदर बाळगणें योग्यच आहे. परंतु केंसांच्या वळणावरून घोडा मोटारीचा कर्णा ऐकून उधळेल कीं नाहीं हें कळत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं केवळ लक्षणांवर भाळून चार वर्षांचा एक देखणा पंचकल्याणी घेतला. पाहुण्यांनीं त्याची वाहवा केली, पण धनी दोनदां पडले आणि तिसऱ्यांदां वर चढले नाहींत. लक्षणें सारीं शुभ होतीं, फक्त ज्या कामासाठीं घोडा आणला तेंच होईना! अमरकोशांत शिकवून तयार झालेल्या घोड्यास ‘विनीत’ व ‘साधुवाही’ असे शब्द आहेत. विनीत म्हणजे वळण लागलेला, साधुवाही म्हणजे नीट वाहून नेणारा. भित्र्या स्वारानें हींच दोन लक्षणें शोधावीं.

हें शहाणपण एकट्या आपल्याच देशाचें नव्हे. झेनोफन नांवाच्या ग्रीक सेनानीनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वारोहणावर एक ग्रंथ लिहिला. घोडा पाहतांना आरंभ पायांपासून, विशेषतः खुरांपासून करावा, असा त्याचा उपदेश आहे. घराचा पाया खचका असला तर वरच्या शोभेचा उपयोग काय, हा त्याचा दृष्टांत आजही लागू आहे. घोडा लगाम सुखानें घेतो कीं नाहीं, स्वारास चढूं देतो कीं नाहीं, आणि इतर घोड्यांस सोडून एकटा पुढें जातो कीं नाहीं, हेंही पाहण्यास तो सांगतो. चोवीस शतकांनंतर ह्यांत एक अक्षरही बदलण्याचें कारण नाहीं.

जातींविषयीं फार हट्ट धरूं नये. मारवाडी व काठेवाडी घोडे आंत वळलेल्या कानांमुळें चटकन ओळखूं येतात. ते देखणे व तडफदार असतात. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोडा अंगानें आटोपशीर, पण काटक म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्येक जातींत शांत व तापट असे दोन्ही प्रकारचे घोडे निघतात. जातीपेक्षां लिंगाचा विचार अधिक करावा. वयांत आलेला, न खच्ची केलेला घोडा घोडीच्या वासानें केव्हां अनावर होईल ह्याचा नेम नसतो. म्हणून नवशिक्यास आखता घोडा किंवा शांत घोडी बरी. उंचीचाही मोह नको. घोडा जितका उंच तितकें पडणें लांबचें. मात्र स्वार व खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक होऊं नये. साडेतीनशें किलोच्या घोड्यास सत्तर किलो ही मर्यादा समजावी.

वरातींत नाचणारा घोडा मात्र भित्र्या स्वारानें कटाक्षानें टाळावा. लगामाचा ताण लागतांच पाय उचलून उसळावयाचें, असें त्याला शिकविलेलें असतें. भ्यालेला माणूस पहिल्यानें लगामच ओढतो! स्वार थांबविण्यासाठीं ओढतो, घोडा नाचण्याची आज्ञा समजतो, आणि अनर्थ ओढवतो. असा घोडा कित्येकदां कांटेरी लगामानें शिकविलेला असतो. असला लगाम वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनीं मनाई आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

घोडे पाहावयाचे तर आपल्या प्रांतांत दोन मोठ्या यात्रा आहेत. नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीस, आणि नांदेड जिल्ह्यांत माळेगांव येथें मार्गशीर्षांतच खंडोबाच्या यात्रेंत, घोड्यांचा बाजार भरतो. तेथें अवश्य जावें, डोळे भरून पाहावें, चार जाणत्यांशीं बोलावें. पण पहिल्याच दिवशीं कमरेची थैली सोडूं नये. बाजारांत शांत उभा असलेला घोडा खरोखर शांत असेल, लांबच्या प्रवासानें थकलेला असेल, किंवा त्याला गुंगीचें औषधही दिलेलें असेल. म्हणून शक्य तर घोडा त्याच्या नेहमींच्या ठाणावर पाहावा, आणि तोही दोनदां, निरनिराळ्या वेळीं, दुसऱ्या खेपेस आगाऊ न कळवितां.

परीक्षेचा क्रम असा ठेवावा. घोडा मोकळा असतां धरूं देतो काय, चारी पाय उचलूं देतो काय, खरारा करतांना व तंग आवळतांना कान मागें टाकून चावावयास येतो काय, हें प्रथम पाहावें. नंतर विकणाऱ्यानें स्वतः बसून दाखवावें. तो बसावयास नाखूष असेल तर तेथेंच नमस्कार करून परतावें. त्याच्यामागून आपल्या शिक्षकानें बसावें, आणि सर्वांत शेवटीं आपण. भरधाव दौड पाहण्याची गरज नाहीं. घोडा सावकाश चालतो काय, सांगतांच थांबतो काय, स्वार चढत असतां स्थिर उभा राहतो काय, दुडक्या चालीवरून पुन्हां साध्या चालीवर सहज येतो काय, ह्याच गोष्टी महत्त्वाच्या. मग त्याला रस्त्यावर न्यावें. भुंकणारें कुत्रें, फडफडणारा प्लास्टिकचा कागद, शेजारून जाणारा ट्रक ह्यांपुढें तो काय करतो तें पाहावें. थोडा दचकून जो लगेच सांवरतो तो चांगला. कधींच दचकत नाहीं असा घोडा कोणी सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

सौदा ठरला तरी पैसे देण्यापूर्वीं पशुवैद्यास आणावें. विकत घेतल्यावर वैद्य बोलावणें म्हणजे वरातीमागून घोडें. कठीण जमिनीवर दुडकीनें चालवून लंगडेपणा तपासतात. पुढचा दुखरा पाय टेकतांच घोडा डोकें वर उचलतो, ही खूण आपणांसही ओळखतां येते. डोळे, छाती व खूर पाहून घ्यावे. सर्रा व ग्लँडर्स ह्या रोगांसाठीं रक्ताची तपासणी करवावी. ग्लँडर्स माणसासही होतो व त्यावर लस नाहीं. तेव्हां मुलेंबाळें असलेल्या घरानें ही तपासणी केल्यावांचून घोडा अंगणांत आणूंच नये. धनुर्वाताची लस टोंचली आहे काय हेंही विचारावें, आणि पावती लेखी घ्यावी.

घोडा घेणें हा सर्व घराचा निर्णय असावा. त्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक पाणी लागतें. वजनाच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाइतका सुका चारा-दाणा रोज लागतो. दर सहा-आठ आठवड्यांनीं खूर साळून घ्यावे लागतात. आपण परगांवीं गेल्यास हें कोण करणार, ह्याचें उत्तर आधीं तयार पाहिजे. वडील मंडळींच्या मनाविरुद्ध आणलेल्या घोड्यास अर्धेंच प्रेम मिळतें.

शेवटीं भित्र्या स्वारास एवढेंच सांगणें आहे कीं, आपलें भय लपवूं नये. शिक्षकास, वैद्यास आणि विकणाऱ्यासही ‘मी भितों, मला गरीब स्वभावाचा घोडा हवा’ असें स्पष्ट सांगावें. धाडसी माणूस जे प्रश्न विचारावयास विसरतो, ते भित्र्या माणसास आपोआप सुचतात, हा भीतीचा मोठा उपकार आहे. घोड्यावर बसून मन निवांत झालें नाहीं तर, तो कितीही सुंदर असो, मोकळ्या हातानें घरीं परतावें. ह्यांत भित्रेपणा नाहीं. ज्याच्या पाठीवर बसल्यावर आपला श्वास हळूहळू संथ होतो, तोच आपला घोडा. आणि तो मिळेपर्यंत वर्षभर थांबावें लागलें तरी तें वर्ष वायां गेलें असें होत नाहीं.