पाइक रिव्हरचा कोळसा

गावच्या लोहाराच्या भट्टीपुढे बसलेल्या माणसाला कोळशाचे एकच काम दिसते, आणि ते म्हणजे जळणे. भाता हलला की निखारा फुलतो, लोखंड लाल होते आणि ऐरणीवर घण पडू लागतो. पोलादाच्या कारखान्यात मात्र कोळशाकडून तीन कामांची अपेक्षा असते. त्याने उष्णता द्यावी. खनिजातील प्राणवायू हिरावून घेऊन लोह मोकळे करावे. आणि हे करीत असताना डोक्यावर रचलेल्या खनिजाचा व चुनखडीचा प्रचंड भार पेलून न चुरडता उभे राहावे. पहिली दोन कामे पुष्कळ प्रकारच्या कोळशांना कमीअधिक प्रमाणात साधतील. तिसरे काम कोकलाच साधते. झोतभट्टीत खालून तप्त वारा वर चढत असतो. मधला कोळसा फुटून त्याची भुकटी झाली, तर वाऱ्याच्या वाटा बुजतात आणि भट्टीचा श्वासच कोंडतो.

हा कोक निसर्गात सापडत नाही. तो करावा लागतो. निवडक दगडी कोळसा दळून, हवा आत शिरणार नाही अशा बंद भट्टीत, सुमारे हजार अंश उष्णतेवर सोळा ते वीस तास तापवितात. साडेतीनशे ते चारशे अंशांच्या सुमारास त्या कोळशाला एक विलक्षण अवस्था येते. तो मऊ पडतो, चिक्कीच्या पाकासारखा चिकट होतो आणि आतील वायूंनी फुगतो. मग उष्णता वाढत गेली की पाचशे अंशांच्या आसपास पुन्हा घट्ट होऊन त्याचा सच्छिद्र पण कणखर असा दगड बनतो. हा पाक धरण्याचा गुण ज्या कोळशात आहे तो कोकिंग कोळसा. ज्यात तो नाही त्याने आगगाड्या चालल्या, आजही विजेची केंद्रे चालतात, पण त्यापासून झोतभट्टीचा कोक होत नाही. चंद्रपूर, वणी, उमरेड या आपल्या विदर्भातील खाणींचा कोळसा या दुसऱ्या जातीचा आहे. त्याच्या साठ्याचे आकडे कितीही मोठे असले तरी पोलादाच्या कामी तो तसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

भारतात कोकिंग कोळसा आहे, आणि त्यातला उत्तम तो झरियाचा. परंतु त्यात राखेचे प्रमाण फार. धुऊन काढल्यावरही ती पुष्कळ उरते आणि झोतभट्टीत तिचा मळ होऊन बसते. म्हणून परदेशचा कमी राखेचा कोळसा त्यात मिसळावा लागतो. आज भारत दरवर्षी पाच कोटी टनांहून अधिक कोकिंग कोळसा आयात करतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा असतो. गोव्यात मुरगावच्या धक्क्यावर परदेशी कोळसा उतरतो व कर्नाटकातील तोरणगल्लूच्या कारखान्याकडे जातो. वास्कोच्या रहिवाशांना तो परिचित आहे, कारण त्याची धूळ त्यांच्या घरांपर्यंत येते आणि तिच्याविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षे तक्रार केली आहे. हा कोळसा कोठून येतो याचे उत्तर साधारणपणे देशाच्या नावाने दिले जाते. खाणीचे नाव क्वचितच कोणी विचारते. अशाच एका खाणीची ही हकिगत आहे. तिचा पहिला निर्यातमाल भारतासाठी निघाला होता.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा हा तेथील जुना कोळशाचा मुलूख. पर्वत समुद्राच्या अगदी जवळ, पाऊस अपार, आणि डोंगरांच्या पोटात कोळशाचे थर. याच मुलखात ब्रनर येथे १८९६ च्या मार्चमध्ये झालेल्या स्फोटात ६५ माणसे मृत्यू पावली. त्या देशातील तो आजवरचा सर्वांत भीषण खाण अपघात आहे. १९६७ मध्ये स्ट्राँगमन खाणीत आणखी १९ गेली. म्हणजे या डोंगरांतील कोळशाबरोबर मिथेन वायूही राहतो, हे ज्ञान तेथे नवीन नव्हते; ते थडग्यांवर कोरलेले होते.

पाइक रिव्हर ही खाण ग्रेमाउथ गावाच्या ईशान्येस, पापारोआ पर्वतरांगेत. तेथील कोळसा अव्वल दर्जाचा होता. त्यात राख अत्यल्प. पोलाद ठिसूळ करणारा फॉस्फरस कमी. आणि पाक धरण्याचा गुण उत्तम. हलक्या कोळशात मिसळण्यासाठी याहून चांगला जोडीदार मिळणे कठीण. वर्षाला सुमारे दहा लाख टन काढावेत अशी योजना होती, आणि तो सगळा परदेशी पाठवायचा होता. दोन भारतीय कोक उत्पादक कंपन्या या उद्योगात एकाच वेळी भागधारकही होत्या आणि खरेदीदारही.

थरापर्यंत पोहोचण्यासाठी कठीण खडकातून २.३ किलोमीटर लांबीचा, किंचित चढता बोगदा खणण्यात आला. चढता असल्याने पाणी आपोआप बाहेर वाहावे, ही त्यातील सोय. पण खडक अपेक्षेपेक्षा बिकट निघाला, काम रेंगाळले, खर्च वाढला. २००८ च्या नोव्हेंबरात समारंभाने उद्घाटन झाले तेव्हा खाण म्हणावे असे फारसे काही तयार नव्हते. पुढे थोड्याच महिन्यांत हवा खेळविण्यासाठी खणलेल्या उभ्या विहिरीचा खालचा भाग कोसळला आणि शेजारून दुसरी वाट काढावी लागली. याच विहिरीतील शिडी हा संकटकाळी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग म्हणून कागदावर दाखविलेला होता. शंभर मीटरहून उंच उभी शिडी, आणि तीही ज्या वाटेने खाणीतली दूषित हवा आणि आग लागल्यास धूर बाहेर पडणार त्याच वाटेत! तिच्यावरून माणसे जीव वाचवून वर येतील असे मानणाऱ्याने ती एकदा तरी चढून पाहावयास हवी होती.

कोळसा फोडण्याची येथील रीतही वेगळी होती. प्रचंड दाबाच्या पाण्याचा झोत थरावर सोडावयाचा, फुटलेला कोळसा पाण्याबरोबर पन्हळीतून वाहून आणावयाचा आणि नळातून दूरच्या धुलाई केंद्रापर्यंत न्यावयाचा. तेथून मालमोटारींनी इकामाटुआ स्थानकापर्यंत, पुढे ओटिराच्या जुन्या बोगद्यातून सदर्न आल्प्स ओलांडून पूर्व किनाऱ्यावरील लिटलटन बंदरात. ग्रेमाउथचे बंदर हाकेच्या अंतरावर असूनही नदीमुखाच्या वाळूमुळे मोठ्या जहाजांच्या उपयोगाचे नव्हते. म्हणून पश्चिमेचा कोळसा बेटाची पूर्ण रुंदी पार करून पूर्वेस जात असे. २०१० च्या फेब्रुवारीत सुमारे वीस हजार टनांचा पहिला निर्यातमाल भारताकडे रवाना झाला. तो प्रामुख्याने बोगदे खणताना निघालेला कोळसा होता. खरे खाणकाम अजून सुरूच व्हायचे होते. त्या नोव्हेंबरापर्यंत एकंदर निर्यात चाळीस हजार टनांच्या आसपास झाली होती; योजनेतील दहा लाखांपुढे हा आकडा केविलवाणाच म्हणावा लागेल. भांडवलाची निकड वाढत होती, भागधारक विचारत होते, खरेदीदार वाट पाहत होते. ठराविक मुदतीत पाण्याच्या झोताने काम सुरू झाल्यास कामगारांना बक्षीस जाहीर झाले. जितका उशीर तितके ते कमी होत जाणार होते. सप्टेंबरात ते काम सुरू झाले.

येथे मिथेनविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. कोळसा शेकडो पुरुष खोल दाबलेला असतो तोवर हा वायू त्याच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहतो. थर फोडला की तो सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेहून हलका असल्याने तो छताशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा पाचाहून कमी असेल तर स्फोट होत नाही. पंधराहून जास्त असेल तरीही होत नाही. या दोन आकड्यांमधील पट्टा प्राणघातक. म्हणून वायुमय खाणीचे सारे शास्त्र एका गोष्टीत सामावले आहे: इतकी हवा खेळवावयाची की मिथेन पाचाच्या जवळपासही फिरकू नये. पाण्याच्या झोताने एका दमात पुष्कळ कोळसा फुटतो, त्याबरोबर पुष्कळ वायूही सुटतो. आणि मागे जी मोठी पोकळी उरते तिच्यात तो साचून राहतो. छत कोसळले की पोकळीतला वायू, पिचकारीतून पाणी निघावे तसा, एकदम गल्ल्यांत लोटला जातो.

पाइक रिव्हरचा मुख्य पंखा भूपृष्ठावर नसून खाणीच्या आत बसविलेला होता. वायुमय कोळशाच्या खाणीत असे जगात अन्यत्र कोठेही केलेले नव्हते. खाणीचा श्वास चालविणारे यंत्रच जेथे स्फोट व्हायचा त्या पोटात ठेवलेले!

शुक्रवार, १९ नोव्हेंबर २०१० रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास स्फोट झाला. त्या वेळी आत ३१ माणसे होती. बोगद्यात असलेले दोघे धडपडत बाहेर आले. उरलेले २९ आले नाहीत. त्यांत सर्वांत लहान मुलगा सतरा वर्षांचा होता आणि खाणीतली ती त्याची पहिलीच पाळी होती.

बचाव पथके तोंडाशी येऊन थांबली, कारण आत वायूची अवस्था काय आहे हे कळण्याचे साधन उरले नव्हते. या थांबण्याबद्दल नंतर पुष्कळ वाद झाला. २४ तारखेस दुपारी दुसरा स्फोट झाला आणि आशा संपली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडहून एक अजब यंत्र आणण्यात आले. ते विमानाचे जेट इंजिन असते; त्याचा प्राणवायूविरहित धूर व वाफ खाणीत सोडून आग गुदमरवितात. आग आटोक्यात आली, परंतु माणसे आतच राहिली. डिसेंबरात कंपनीचे दिवाळे वाजले.

न्यायमूर्ती ग्रॅहम पँकहर्स्ट यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. ठिणगी नेमकी कशाने पडली हे निश्चित झाले नाही. स्फोटाची परिस्थिती कशी निर्माण झाली हे मात्र आयोगाने स्पष्ट सांगितले: खाण तयार होण्याआधीच कोळसा काढण्याची घाई. त्या अहवालातील एक नोंद कोणाही कचेरीत काम केलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. स्फोटापूर्वीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणापर्यंत पोहोचल्याची २१ प्रतिवृत्ते, आणि त्याहून कमी पण धोकादायक प्रमाणाची आणखी २७ प्रतिवृत्ते खाणीतच लिहिली गेली होती. म्हणजे कामगारांनी व नायकांनी आपले काम केले होते. पाळी संपल्यावर दमलेल्या हाताने तक्ता भरला होता, आकडा लिहिला होता, सही केली होती. तो कागद पुढे सरकला, फाइलला लागला, आणि ज्याने तो वाचून पंखा, झोत, पाळी यांपैकी काहीतरी थांबवावयाचे त्याच्यापर्यंत त्या कागदाचा अर्थ पोहोचलाच नाही.

सरकारचीही यातून सुटका झाली नाही. १९९२ च्या कायद्याने खाणींसाठीचे तपशीलवार नियम सैल करून सुरक्षिततेची जबाबदारी मुख्यतः मालकांवर सोपविली होती. तपासणीची यंत्रणा आटत आटत सबंध देशाला दोन खाण निरीक्षक उरले होते. नियम कमी केल्याचे श्रेय घेणारे पुष्कळ असतात. निरीक्षकाच्या रिकाम्या खुर्चीचा हिशेब मात्र कोणाच्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. अहवालानंतर कामगार खात्याच्या मंत्र्यांनी ते खाते सोडले, सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि २०१५ मध्ये नवा कायदा आला. खाणीच्या मुख्याधिकाऱ्यावरील आरोप मात्र २०१३ च्या डिसेंबरात मागे घेण्यात आले. मृतांच्या कुटुंबांना ३४ लाख १० हजार डॉलर देण्याचा त्याच्याशी संबंध होता. खटला न चालविण्याच्या बदल्यात पैसे, असा हा व्यवहार बेकायदेशीर होता, असा निर्णय त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तोवर सात वर्षे लोटली होती.

भारतीय श्रोत्याला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून ३७५ माणसे बुडाली. तीही एका पोलाद कारखान्याच्या मालकीचीच खाण होती.

पाइक रिव्हरच्या कुटुंबांनी बोगदा पुन्हा उघडण्याचा आग्रह सोडला नाही. अखेर सरकारने त्यासाठी खास संस्था नेमली आणि २०१९ च्या मे महिन्यात माणसे पुन्हा आत शिरली. हातभर पुढे जायचे, हवा तपासायची, पुरावे गोळा करायचे, या गतीने २०२१ च्या प्रारंभी ती बोगद्याच्या टोकाशी, जेथे दरड कोसळून वाट बंद झाली आहे तेथे, पोहोचली. त्या दरडीपलीकडे खाणीच्या मूळ गल्ल्या आहेत. तेथे जाणे झाले नाही आणि बोगदा पुन्हा बंद करण्यात आला. पोलिसांनी मात्र चौकशीसाठी वरून डोंगरात छिद्रे पाडून कॅमेरे सोडले. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केले की त्या चित्रांत किमान दोघांचे अवशेष दिसले आहेत. ज्या थरासाठी हा सारा खटाटोप झाला, तो त्यांच्या भोवती जवळजवळ जसाच्या तसा शिल्लक आहे.