‘वचणे’ : एका लुप्त गतिवाचक क्रियापदाविषयी

‘ज्ञानेश्वरी’त (शके १२१२) आढळणारे ‘न वचे’ हे रूप ‘बोलत नाही’ या अर्थाचे आहे, असा भास आजच्या वाचकास होण्याचा संभव असतो. वस्तुतः ‘वचणे’ म्हणजे ‘जाणे’. संस्कृत ‘व्रज्’ धातूचे प्राकृतात ‘वच्च’ झाले; हेमचंद्राच्या व्याकरणात त्याची नोंद आहे.

इंग्रजीतील ‘वेंड’ हे क्रियापदही असेच जुने पडले. परंतु त्याचे ‘वेंट’ हे रूप ‘गो’चा भूतकाळ म्हणून टिकले. मराठीत ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’ हा ‘गम्’वरून आला, ‘वचणे’ला तेथेही जागा मिळाली नाही.

कोंकणीत मात्र ‘वचप’ आजही नित्याचे आहे. १९४७ नंतर कल्याणजवळच्या छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधीतील ‘वञणु’ (जाणे) याचा संबंधही ‘व्रज्’शीच लावला जातो. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील वर्गांत असे रूप शिकविताना कोशाबरोबरच सिंधीभाषक विद्यार्थ्यालाही विचारावे. मराठी वाचकास मृत वाटणाऱ्या शब्दाचा सगोत्र शेजारच्या बाकावर नांदत असतो.