आजीचा स्वेटर, 120 टाके आणि ‘लोकर’ नावाचा घोळ

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडेल त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना माझं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ फार येतं, ते जमेल तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच.

तर झालं असं, की गेल्या जानेवारीत मी एका स्वेटरची पार वाट लावली.

बाबा नाशिकहून पंचवटीने ठाण्याला उतरले आणि तिथून ट्रान्स हार्बरने खारघरला माझ्याकडे आले. अंगात तो नेहमीचा राखाडी स्वेटर. बाबांना पहिली नोकरी लागली तेव्हा, 1989 साली, आजीने विणलेला. गाडीत त्यावर चहा सांडला होता. म्हटलं, द्या, मशीनला लावतो. माझं फ्रंट लोड मशीन, त्यात चादरी होत्या, कॉटनचा प्रोग्रॅम, 60 अंश. त्यातच टाकून दिला. दीड तासाने जे बाहेर आलं ते साधारण आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचं, जाजमासारखं जाड आणि ताठ. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ती म्हणाली, “अरे, मग आता तुझ्या पोराला होईल की. लग्न कर आधी.”

आजी 82 वर्षांची आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, ती आता विणत नाही. म्हणून मी ठरवलं की तोच स्वेटर पुन्हा विणायचा, मी. बी.टेक. झालोय, दोन सुया आणि एक धागा, त्यात काय एवढं? (हसू नका.)

आधी हे समजून घेऊ की स्वेटर आटला का. मेंढीच्या लोकरीचा तंतू म्हणजे आपल्या केसासारखाच केराटिन, म्हणजे प्रथिन. पण त्यावर घराच्या कौलांसारखे बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेने रचलेले. कोमट पाण्यात नुसतं भिजवलं तर काही होत नाही. पण गरम पाणी, साबण आणि घुसळणं हे तिन्ही एकत्र आलं की तंतू एकाच दिशेने सरकतात आणि खवले एकमेकांत अडकतात. परत येण्याचा रस्ताच नाही. लोकर ‘आटली’ आपण म्हणतो, खरं तर तंतू लहान होत नाही, गुंता घट्ट होतो. नमदा याच तत्त्वावर बनतो, फक्त तिथे ते मुद्दाम करतात. म्हणून ‘कंडिशनर लावून ताणा, परत मोठा होतो’ वगैरे रील्स आहेत ना, थोडंसं आटलेल्याला ते जमतं. माझ्यासारखं पूर्ण जाजम झालेल्याला नाही.

आता पुढचा घोळ. मी वाशीला एका दुकानात गेलो आणि म्हणालो, “राखाडी लोकर द्या, स्वेटरसाठी.” त्यांनी दिली. छान मऊ, स्वस्त. मी लोकलमध्ये खारघर ते ऐरोली जाता-येता तीन आठवडे विणत होतो. लोक बघायचे, एका काकूंनी तर माझ्या हातातून घेऊन दोन ओळी विणून दिल्या. मागचा भाग पूर्ण झाला. कडा गुंडाळत होत्या म्हणून मी त्यावर वाफेची इस्त्री फिरवली. आणि ते कापड मेलं. खरंच दुसरा शब्द नाही. भिजलेल्या पापडासारखं लुळं पडलं, टाक्यांमधला सगळा ताण गेला. लेबल बघितलं तेव्हा कळलं: 100 टक्के ॲक्रेलिक.

दुकानदाराची चूक नाही हो. मराठीत आपण विणायच्या प्रत्येक जाड धाग्याला लोकरच म्हणतो. मेंढीची असो की कारखान्यातलं प्लास्टिक. आईच्या पिढीतलं ‘कॅश्मिलॉन’ आठवतं का कुणाला? नाव ऐकून वाटतं काश्मीरची मेंढी. तेही ॲक्रेलिकच, जपानच्या असाही कासेई कंपनीच्या तंतूचं नाव. तर दुकानात ‘लोकर द्या’ म्हणू नका, लेबल वाचा. लेबल फाटलं असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा वाटीतल्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा, साधं कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच. खरी लोकर विरघळून जाते, ॲक्रेलिक तसंच राहतं. जाळून बघण्याची चाचणी पण आहे. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरडते, ॲक्रेलिक वितळून काळा कडक मणी होतो. पण तो वितळलेला थेंब हाताला चिकटतो, त्यामुळे मी ब्लीचवालीच सांगेन.

ॲक्रेलिक वाईट असं माझं म्हणणं नाही. तान्ह्या बाळाची कुंची रोज धुवायची असते, तिथे ते सोयीचं पडतं. त्याला कसर लागत नाही. फक्त इस्त्री आणि वाफ लावायची नाही, आणि गॅससमोर उभं राहताना अंगात नको, कारण ते वितळतं. पण बाबा नाशिकला पहाटे पाचला फिरायला जातात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. चालून घाम आला की हा फरक कळतो. ॲक्रेलिक घाम पीत नाही, तो अंगावरच राहतो.

मग प्रश्न आला, जुन्या लोकरीच्या जागी नवी कुठली? आजीची ती लोकर आता मिळत नाही. आणि आजीचं ‘पॅटर्न’ म्हणजे डायरीतलं एक पान: “8 नंबरच्या सुया. बॉर्डर 10 नंबर. मागे 120, पुढे 120.” बस. किती सेंटीमीटरमध्ये किती टाके, काही नाही. ते तिच्या हातात होतं.

इथे माझी पहिली ठेच. 8 नंबर म्हणून मी अमेरिकन व्हिडिओ बघून 5 मिलिमीटरच्या सुया मागवल्या होत्या. आपल्याकडच्या जुन्या सुया ब्रिटिश नंबरच्या. त्यात 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक होते, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकेत उलट, नंबर वाढला की सुई जाड. त्यामुळे नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

दुसरी अडचण मोठी. ‘गेज’ म्हणजे 10 सेंटीमीटर रुंदीत किती टाके बसतात. विणकामातला हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. तो स्वेटरवरून मोजायचा, तर स्वेटर मीच आटवून ठेवलेला! टाके मोजता येत होते, पण त्यांची रुंदी खोटी झाली होती. म्हणजे लॉग आहे पण टाइमस्टॅम्प उडालेत.

सोडवलं आजीने. “अरे, त्याच लोकरीची कानटोपी आहे ना ट्रंकेत. आणि छोटासा गोळा पण उरलाय, रफूला ठेवला होता.” कानटोपी कधी मशीनमध्ये गेली नव्हती. तिच्या सपाट भागावर पट्टी ठेवली: 10 सेंटीमीटरला 22 टाके. 120 भागिले 22, म्हणजे मागचा भाग साधारण 54.5 सेंटीमीटर, पुढचा तेवढाच, छातीचा घेर 109. तेव्हा बाबांना ढगळ व्हायचा, आता बरोबर बसायचा. हिशोब जुळला तेव्हा मी एकटाच खोलीत ओरडलो.

मग किती धागा लागेल? वजनावर जाऊ नका, हे अगदी ठामपणे सांगतो. घनता बघा: लोकर 1.31, ॲक्रेलिक 1.17, सुती 1.54. म्हणजे तेवढ्याच जाडीचं ॲक्रेलिक शंभर ग्रॅममध्ये सुमारे 12 टक्के जास्त लांब येतं, आणि सुती जवळपास 15 टक्के कमी. ‘450 ग्रॅम लागेल’ या वाक्याला धागा बदलला की अर्थच उरत नाही. मीटर मोजायचे. आटल्याने वजन बदलत नाही, म्हणून मी मेलेला स्वेटर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: 440 ग्रॅम. उरलेल्या गोळ्यातला 20 मीटर धागा मोजून काट्यावर ठेवला: 9 ग्रॅम. ग्रॅमला 2.2 मीटर. म्हणजे साधारण 980 मीटर.

नवीन शंभर टक्के लोकर घेतली, 100 ग्रॅमला 200 मीटर, 6 गोळे, सगळे एकाच डाय लॉटचे. हे विसरू नका, लॉट वेगळा असला की छातीवर बरोबर मध्ये रंगाचा पट्टा दिसतो. नमुन्याचा चौकोन विणला, धुतला, वाळवला आणि मग मोजला. न धुता मोजू नका. विशेषतः ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर. तिचे खवले क्लोरीनने झिजवून वर राळेचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून ती मशीनमध्ये आटत नाही, पण ओली झाली की सैल होऊन वाढते.

माझा आकडा आला 20 टाके. फक्त दोनचा फरक, काय मोठं? तर आजीचे 120 टाके तसेच घातले असते तर एक भाग 60 सेंटीमीटर, घेर 120. बाबा आणि मी दोघं मावलो असतो. बारीक सुया घेऊन 22 आणता आले, पण कापड पुठ्ठ्यासारखं झालं. तेव्हा सुया नाही, टाके बदलायचे. 54.5 गुणिले 2, म्हणजे 109, शिवणीसाठी एक धरून 110. आजीला सांगितलं, 120 चे 110 केले. ती जराशी गप्प झाली. मग म्हणाली, “बगलेला पण त्याच हिशोबाने कमी कर, नाहीतर बाही फसेल.” हे मला सुचलं नव्हतं.

मध्ये डोक्यात आलं होतं की महाराष्ट्रातलीच लोकर का नको? आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्या आहेतच. पण ती लोकर जाड, टोचरी. घोंगडीला उत्तम, अंगालगतच्या स्वेटरला नाही. मेरिनोचा तंतू साधारण 24 मायक्रॉनच्या आत असतो, आणि 30 च्या वर गेला की त्वचेला टोचतो. म्हणून कपड्यांची मऊ लोकर भारतात मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते आणि लुधियानाकडे तिचा धागा होतो. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे ती अशी ताठ उभी राहते. ती मशीनमध्ये टाकायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. ते शहाणपण स्वेटरच्या बाबतीत माझ्याकडे नव्हतं.

आता धुण्याचं. कोमट, खरं तर गारच्या जवळचं पाणी, 30 अंशांच्या आत. लोकरीचं लिक्विड किंवा रिठ्याचं पाणी. नेहमीची डिटर्जंट पावडर नको, ती अल्कधर्मी असते आणि बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं खाणारे एन्झाइम असतात. डाग काढायला टाकलेत ते, पण तुमचा अख्खा स्वेटरच प्रथिन आहे! पंधरा मिनिटं भिजवा, हाताने हलके दाबा, चोळू नका, पिळू नका. टॉवेलवर पसरून गुंडाळी करा आणि वरून दाबा. मग सावलीत आडवा पसरून पंख्याखाली वाळवा. बाल्कनीच्या दोरीवर टांगला की पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

आणि आपला खरा शत्रू थंडी नाही, जून ते सप्टेंबर. खारघरला डोंगराखाली राहतो मी, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. घामट स्वेटर तसाच ठेवला की कसर आधी घामाच्या आणि अन्नाच्या डागांवरच येते. म्हणून ठेवण्याआधी धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि उशीच्या सुती अभ्र्यात ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. महिन्यातून एकदा, ऊन पडलं की काढून झटकायचा. कडुनिंबाचा पाला आजी ठेवते, मीही ठेवतो, पण वासाने अंडी मरत नाहीत. शंका आली तर स्वेटर पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये उणे 18 अंशाला दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं.

डांबरगोळ्यांबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. बाळाच्या कपड्यांत त्या अजिबात ठेवू नका. काही बाळांमध्ये जन्मतः जी6पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. नॅप्थलीनच्या वाफेने किंवा त्या कपड्यांच्या संपर्काने त्यांच्या लाल रक्तपेशी फुटू शकतात. बाळंतविड्यातलं दुपटं वर्षभर गोळ्यांच्या ट्रंकेत असतं आणि थेट बाळाला गुंडाळतात, म्हणून म्हणतो.

माझा स्वेटर? मागचा भाग झाला, पुढचा बगलेपर्यंत आलाय. नाशिकच्या थंडीआधी व्हायला हवा. डायरीच्या त्या पानावर आजीच्या 120 खाली मी 110 लिहिलंय, शेजारी गेज, मीटर आणि लेबल चिकटवलंय. सहावा गोळा उरणार आहे, तो कानटोपीबरोबर ट्रंकेत जाईल.

आणि तो आटलेला स्वेटर आजीने मागवून घेतला. असं कापड कात्रीने कापलं तरी उसवत नाही, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. मावशीकडून पाठीच्या भागातून चौकोन कापून तिने गरम पाण्याच्या पिशवीला खोळ शिवून घेतली. बाबा रोज रात्री गुडघ्याला तीच लावून बसतात.