आंब्याचा राखणदार आणि रेशनकार्ड



गेल्या मार्चात आम्ही काही ऊस उत्पादकांना घेऊन दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ पाहावयास गेलो होतो. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाविषयी पुढे केव्हातरी लिहू. आज लिहितो आहोत ते जवळच्याच एका बागेतील नेपाळी राखणदाराविषयी.

कोकणात आंबा धरला की राखणीला नेपाळी माणसे येतात. बागेतच राहायचे, रात्रभर माकडे नि चोर हाकायचे. हा गडी अंधारात गडग्यावरून घसरला, मांडीचे हाड मोडले. सरकारी दवाखान्यात पहिला इलाज झाला, पैसा पडला नाही. शस्त्रक्रियेसाठी मोठ्या खाजगी इस्पितळात नेले, तेव्हा खिडकीवर पहिला प्रश्न: "रेशनकार्ड आहे का?" ते कुठून असणार!

२०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली व संरक्षण वर्षाला ५ लाखांपर्यंत गेले. पण रेशनकार्ड वा अधिवासाचा दाखला हवाच. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे हा माणूस इथे मोकळेपणी राहू शकतो, कमावू शकतो. विम्यात मात्र बसत नाही. नेपाळ सरकारचा आरोग्य विमा २०१६ पासून आहे, पण तो तिकडच्या दवाखान्यांपुरता. शेवटी बागायतदारानेच खर्च सोसला. "काय करणार साहेब, माणूस आपल्याच बागेत पडला ना," एवढेच ते बोलले.

परतताना गाडीत आमच्या डोक्यात आपल्या ऊसतोड टोळ्या घोळत होत्या. बीडकडून येणारी ही मंडळी याच राज्याची, योजना त्यांचीच, आणि अंगीकृत इस्पितळ राज्यात कुठलेही चालते. तरी वेळेला अडते. का? तर कार्ड गावी म्हाताऱ्यांजवळ असते, त्यावर धान्य आणायचे असते! आणि नवी सून? तिचे नाव अजून माहेरच्याच कार्डावर. कोयता तिच्याही हातात असतो, हे कोणी ध्यानात घेत नाही.

म्हणून मुकादमांशी करार होतील तेव्हाच प्रत्येक कोयत्याच्या कार्डाची नि आधारची प्रत चिटबॉयने घ्यावी व नावे पडताळावीत, असे आम्ही शेतकी कचेरीत सुचविले आहे. नाव राहिले असेल तर ते गावच्या तालुक्यातच चढते; टोळी निघाल्यावर त्यासाठी कोण माघारी जातो?