'गिरसप्पा'च्या पोटातलं टपाल

लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये २०१८ साली एक प्रदर्शन भरलं. काचेमागे पत्रं होती, सत्तर वर्षांहून जास्त काळ अटलांटिकच्या तळाशी भिजत पडलेली, तरी वाचता येणारी!

जहाजाचं नाव 'गैरसोप्पा', म्हणजे आपल्या गिरसप्पाच्या धबधब्याचंच. डिसेंबर १९४० मध्ये ते कलकत्त्याहून चहा, कच्चं लोखंड, चांदी आणि टपाल घेऊन निघालं. वादळी हवेत कोळसा पुरेना, म्हणून सोबतच्या जहाजांचा ताफा सोडून आयर्लंडकडे वळलं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. जहाजावरच्या सगळ्यांपैकी जगला एकच.

२०११ मध्ये ते सापडलं ४७०० मीटरवर, टायटॅनिकपेक्षाही सुमारे ९०० मीटर खोल. एवढ्या दाबाखाली कागदाचा लगदा कसा झाला नाही? पाणी तंतूतंतूत मुरलं की दाब सगळीकडून सारखाच पडतो. त्याने कागद चिरडला जात नाही. कागदाचे वैरी वेगळेच: उजेड, ऊब आणि प्राणवायूवर जगणारे जीवाणू. तिथे मिट्ट काळोख आणि फ्रिजसारखी थंडी. प्राणवायू मात्र खोल अटलांटिकच्या पाण्यात बऱ्यापैकी असतो. मग? मला वाटतं, खरी करामत थैल्यांच्या ढिगाची. लोणच्यावरचा तेलाचा थर हवा अडवतो ना, तसंच. वरच्या थैल्या कुजता कुजता प्राणवायू संपवत गेल्या आणि त्यांच्याखालची पत्रं बचावली.

अशी ७१७ पत्रं हाती लागली. त्यांतलं एक हिंदुस्थानातल्या एका सैनिकाचं. त्याच्या लग्नाच्या मागणीला प्रेयसीने होकार कळवला होता, तो वाचून आनंदाने रडू फुटल्याचं त्याने लिहिलंय. तिला ते कळलं वयाच्या ९९व्या वर्षी. मधल्या काळात तिचं लग्न दुसऱ्याशी झालेलं.

मथळे मात्र चांदीने खाल्ले: २७९२ विटा वर आल्या. मला राहून राहून आठवतात ते जहाजावरचे हिंदी खलाशी. बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारे हात त्यांचेच. टपालाची एकेक घडी उलगडून वाचली गेली, पण त्यांच्या घरची गोष्ट कुणी विचारली? दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सुमारे ६५०० हिंदी दर्यावर्दींच्या नावांच्या वह्या आहेत. त्यांची एक प्रत चितगावला आहे आणि दुसरी आपल्या मुंबईत, खलाशांच्या वसतिगृहात.