प्रतिनायकाची उंची

नायकाचा उत्कर्ष सांगावयाचा असेल, तर आधी त्याच्या शत्रूचे कुल, पराक्रम आणि विद्या यांचे वर्णन करावे व नंतर त्या शत्रूवरील विजय सांगावा, ही रीत आचार्य दंडींनी ‘काव्यादर्शा’त मोठ्या संतोषाने मान्य केली आहे. शत्रू जितका उंच, तितका त्याला जिंकणारा उंच, हे त्यामागचे सरळ गणित. पुढे दहाव्या शतकात माळव्याच्या मुंजराजाच्या आश्रयाने ‘दशरूपक’ लिहिणाऱ्या धनंजयाने प्रतिनायकाची पाच लक्षणे सांगितली : तो लुब्ध असतो, धीरोद्धत असतो, ताठर असतो, पापाचरणी असतो आणि व्यसनी असतो. या गणनेत बलाला स्वतंत्र स्थान नाही आणि पहिले स्थान लोभाला आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटत आली आहे.

विजयादशमीच्या पानावर या शास्त्रवचनांची आठवण काढून मी वाचकांना आता जिकडे नेणार आहे ती दिशा काहींना चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतील चित्रकथांत, ज्यांना आपली मुले कॉमिक्स म्हणतात, त्यांत गेली साठ वर्षे एक विशेष जातीचा खलपुरुष वावरत आहे. तो एखादे नगर लुटत नाही, एखाद्या राज्यावर चालून जात नाही. अवघी ग्रहमाला, अवघे विश्व हेच त्याचे भक्ष्य. आमच्या बालपणी ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी पुस्तकांतून फँटम आणि मँड्रेक भेटत. तेथील दुष्ट म्हणजे चाचे, तस्कर, फार तर एखादा कपटी राजा. आजच्या नातवंडांना ब्रह्मांड गिळणारा दुष्ट लागतो. लागेना का! प्रश्न एवढाच की, या प्रचंड मंडळींपैकी काही मनात घर करून बसतात आणि काही पान उलटताच विसरले जातात, हे का? आख्यान सांगून ज्याची हयात गेली त्याला या प्रश्नात रस वाटावा, हे स्वाभाविक आहे. हिरण्यकशिपूचा नुसता बागुलबुवा केला की श्रोते जांभया देऊ लागतात, हे प्रत्येक कीर्तनकाराला ठाऊक असते.

या परंपरेचा आद्यपुरुष गॅलॅक्टस. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने मार्च १९६६च्या ‘फॅन्टास्टिक फोर’च्या ४८व्या अंकात त्याला प्रथम आणले. ग्रहांची जीवनशक्ती शोषून तो जगतो. न्यूयॉर्कमधील एका इमारतीच्या छपरावर उभा राहून तो आपले यंत्र जुळवू लागतो, आणि खाली माणसांची धावपळ चाललेली असताना तिकडे त्याचे लक्षही नसते. त्याला आपला द्वेष नाही. तो क्रूर नाही, तो भुकेला आहे. वणव्याला दुष्ट म्हणता येत नाही, तसे त्यालाही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्याचे भय निराळे आहे. द्वेष करणाऱ्याची समजूत काढता येते, त्याची क्षमा मागता येते. भुकेची क्षमा कशी मागणार?

परंतु केवळ भूक एवढ्यावर ती कथा टिकली नसती. त्याचा अग्रदूत ‘सिल्व्हर सर्फर’ हा रुपेरी देहाचा पुरुष तेथे आहे. झेन-ला या आपल्या ग्रहाला वाचविण्यासाठी त्याने स्वतःला गॅलॅक्टसच्या सेवेत वाहून घेतले, ही त्याची पूर्वकथा १९६८ साली सांगण्यात आली. पृथ्वीवर अ‍ॅलिशिया मास्टर्स ही अंध शिल्पकार स्त्री त्याच्याशी चार शब्द बोलते, आणि तो आपल्या धन्याविरुद्ध उभा राहतो. विश्वभक्षकाचे पारडे एका दृष्टिहीन स्त्रीच्या बोलण्याने हलते. प्रचंडाच्या समोर इतके लहान काही ठेवल्याखेरीज प्रचंडाची प्रचंडता कळतच नाही.

पुढे मात्र गॅलॅक्टसचे वारंवार येणे आणि वारंवार उपाशी परतणे सुरू झाले, तेव्हा त्याची धार बोथट होत गेली. ती जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने १९८४ साली काही काळ परत आणली. मरणोन्मुख गॅलॅक्टसचे प्राण नायक रीड रिचर्ड्सने वाचविले होते. त्यानंतर गॅलॅक्टसने आणखी एक जग गिळले. मग त्या जगाच्या मृत्यूचा दोष प्राण वाचविणाऱ्यावर येतो की नाही, असा खटला आकाशस्थ न्यायसभेत चालतो. कथेचा निर्णय मला पटत नाही. विश्वाला त्याची गरज आहे असे म्हणून सर्वांची सुटका करून घेतली आहे, आणि मेलेल्यांच्या वतीने कोणी नीट बोललेच नाही. तरीही प्रश्न खरा होता. याउलट २००७च्या चित्रपटात या महापुरुषाला चक्क एक मेघ करून टाकले. मेघाला मुख नाही, मन नाही, मागणे नाही. प्रेक्षकांची निराशा झाली यात नवल ते काय? २०२५च्या ‘द फॅन्टास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’मध्ये त्याला पुन्हा देह मिळाला आणि एक मागणीही मिळाली. स्वतःच्या अनंत भुकेतून सुटण्यासाठी ती भूक आपल्याऐवजी वाहू शकेल असे, अजून जन्मालाही न आलेले बालक त्याला हवे असते. मागणी आली की समोरच्या आईबापांना ‘नाही’ म्हणावे लागते, आणि कथा सुरू होते.

कर्बी यांनी १९७० साली दुसऱ्या प्रकाशनगृहात जाऊन डार्कसाईड हा पुरुष घडविला. माझ्या मते या सर्वांत तोच सर्वांत खोल विचारांतून आलेला आहे. कर्बी दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या भूमीवर पायदळात लढले होते, आणि एका माणसाच्या इच्छेपुढे लक्षावधींनी आपली इच्छा गहाण ठेवल्यावर काय होते, हे त्या पिढीने पाहिले होते. डार्कसाईडला सोने नको, सिंहासन नको, कारण ते त्याच्यापाशी आहेच. त्याला एक समीकरण हवे आहे, जे हाती आले असता कोणत्याही जीवाला स्वतःचे असे मन उरणार नाही. जग जाळण्याची त्याची इच्छा नाही. जगाने ‘नाही’ म्हणण्याची शक्तीच गमवावी, ही त्याची इच्छा आहे. म्हणून तो आरडाओरडा करीत नाही. हात पाठीमागे बांधून तो स्वस्थ उभा राहतो आणि त्याचे सेवक धावतात. १९७१च्या एका कथेत त्याच्या सेवकाने मुलाबाळांसाठी एक मनोरंजन-नगरी उभारलेली असते. तेथे बंदिवान खरोखरच तळमळत असतात, पण यंत्राच्या मायेने येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो केवळ खेळ दिसतो, आणि कुटुंबेच्या कुटुंबे हसत पुढे जातात. या एका कल्पनेपुढे शंभर ग्रहांचे स्फोट फिके आहेत.

त्याच मालिकेत १९७२ साली आलेली ‘द पॅक्ट’ ही कथा तर कोणत्याही आख्यानकाराने अभ्यासावी अशी आहे. युद्ध थांबविण्यासाठी दोन शत्रू आपापले पुत्र एकमेकांच्या हवाली करतात. डार्कसाईडचा ओरायन सज्जनांच्या घरी वाढतो, आणि सज्जनांच्या अधिपतीचा पुत्र नरकतुल्य अ‍ॅपोकोलिप्सवर. दुष्टाचा मुलगा रागावर विजय मिळवावयास शिकतो, आणि सज्जनाचा मुलगा नरकात राहूनही नरकासारखा होत नाही. पण आपला मुलगा तेथे पाठविणाऱ्या त्या सज्जन पित्याचे काय? येथे खलपुरुषाची छाया नायकाच्या घरात शिरली. वाचकाने नायकाचीही झडती घ्यावी असे ज्याच्यामुळे वाटते, तो प्रतिनायक खरा.

आता थॅनोस. २०१८ आणि २०१९ सालच्या चित्रपटांनी हे नाव आपल्या गावागावांत पोहोचविले. मूळ निर्माता जिम स्टार्लिन. नौदलातील सेवेनंतर महाविद्यालयातील मानसशास्त्राच्या वर्गात त्यांना ही कल्पना सुचली आणि फेब्रुवारी १९७३च्या ‘आयर्न मॅन’च्या ५५व्या अंकात ती अवतरली. नाव ग्रीकांच्या मृत्युदेवतेवरून, आणि भावाचे नाव इरॉस, म्हणजे काम. मृत्यू ही चित्रकथेत मूर्तिमंत स्त्री आहे आणि थॅनोस तिच्यावर अनुरक्त आहे. १९९१च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’मध्ये सहा रत्ने हातमोज्यात जडवून तो सर्वशक्तिमान होतो. तिला प्रसन्न करण्यासाठी चुटकीसरशी विश्वातील अर्धे जीव नाहीसे करतो. आणि ती? ती त्याच्याकडे पाहत नाही, बोलत नाही. तो तिच्यासाठी मंदिर उभारतो, तरीही मौन. सर्व काही करू शकणारा पुरुष एका दृष्टिक्षेपासाठी झुरतो आहे, ही स्थिती हास्यास्पद आहे आणि करुणही. लोभ, औद्धत्य, ताठा, पाप आणि व्यसन ही धनंजयाची पाचही लक्षणे येथे एकत्र आली आहेत, आणि स्टार्लिन यांना ‘दशरूपक’ ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते!

त्याच्या पराभवाचे कारणही बाहेर नाही. अ‍ॅडम वॉरलॉक त्याला सांगतो की, तू पुन्हा पुन्हा परमशक्ती मिळविलीस आणि पुन्हा पुन्हा ती हातची जाऊ दिलीस, कारण आपण तिला पात्र नाही हे तुझे अंतर्मन जाणते. भस्मासुराने स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवला तो मोहिनीच्या नृत्यात भुलून, पण येथे नाचविणारी मोहिनीही स्वतःच्या आतच आहे. कथेच्या शेवटी हा विश्वविजेता एका अनोळखी ग्रहावर साधा शेतकरी होऊन राहतो.

चित्रपटकारांनी मृत्युसुंदरी गाळली आणि तिच्या जागी एक तत्त्वज्ञान बसविले : प्रजा फार, साधने थोडी, म्हणून अर्धी प्रजा नष्ट करावी. पडद्यावर हा बदल प्रभावी ठरला. कन्या गमोरा हिला कड्यावरून ढकलताना त्याच्या डोळ्यांत अश्रू येतात, आणि पाहणारा क्षणभर गोंधळतो. पण येथेच मला थांबावेसे वाटते. चित्रपट पाहून आलेली अनेक सुशिक्षित मुले ‘थॅनोसचे काही चुकले नाही’ असे म्हणू लागली. काही थट्टेने म्हणत, काही तशी नव्हती. माझ्या ओळखीच्या एका चुणचुणीत मुलाने मला हेच ऐकविले, तेव्हा मी त्याला हिशेब करावयास सांगितले. २०१८ साली जगाची लोकसंख्या सुमारे ७६० कोटी होती. तिची निम्मी म्हणजे ३८० कोटी, आणि तेवढी माणसे १९७२च्या सुमारास या पृथ्वीवर होती. मग त्या वर्षी सर्वत्र सुबत्ता नांदत होती काय? महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना विचारा. शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होता, दावणीची जनावरे चाऱ्यावाचून मरत होती. माणसे निम्मी होती, म्हणून कोणाच्या ताटात भाकरी जास्त पडली नव्हती. जे सर्वकाही निर्माण करू शकते, असे रत्न हाती असताना अन्न दुप्पट करण्याचे ज्याला सुचत नाही आणि खाणारे निम्मे करण्याचे सुचते, त्याला अन्नाची चिंता नाही. त्याला मारावयाचे आहे, आणि कारण त्याने मागाहून शोधले आहे. मुलगा गप्प झाला, पण त्याला ते फारसे आवडले नाही, हेही सांगितले पाहिजे. खलपुरुष आकर्षक करणे म्हणजे निखारा हाती घेणे आहे. तो श्रोत्याला आपल्या बाजूस ओढणारच, आणि ओढला जाऊन परत येण्याची वाट कथाकाराने ठेवावयास हवी. १९९१च्या चित्रकथेत ती वाट आहे, कारण तेथे त्याचे मागणे उघडे पडते. चित्रपटात ते अश्रूंआड झाकले गेले.

नीरसांविषयी थोडक्यातच लिहितो. १९८५-८६च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या महाकथेत अँटी-मॉनिटर नावाचा दुष्ट विश्वांमागून विश्वे पुसून टाकतो. संख्येने पाहू गेल्यास त्याच्यासारखा संहारक दुसरा नाही. पण वाचकांना काय आठवते? सातव्या अंकातील सुपरगर्लचा मृत्यू आणि आठव्यातील फ्लॅशचा. मारणारा कोणाच्या स्मरणात नाही, कारण त्याच्या भुकेला चव नाही. अखेरच्या अंकात तो मरतो, उठतो, पुन्हा मरतो, पुन्हा उठतो आणि वाचक पाने मोजू लागतो. त्याच सुमाराचा बियॉन्डर तर सर्वशक्तिमानच होता. पहिल्या कथेत तो निव्वळ आवाज होता तोवर बरा होता. पुढच्या कथेत तो मानवरूपाने पृथ्वीवर आला आणि शौचास कसे जावे हे त्याला स्पायडर-मॅनला शिकवावे लागले. असो.

स्टेपनवुल्फची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण येथे एकच पात्र दोनदा पाहावयास मिळते. २०१७च्या ‘जस्टिस लीग’ चित्रपटात तो परशू घेऊन येतो, गर्जतो, हरतो. २०२१ साली तीच कथा दिग्दर्शक झॅक स्नायडर यांच्या मूळ योजनेनुसार चार तासांत दाखविली गेली. त्यात कळते की, तो स्वामीच्या रोषास पात्र झालेला निर्वासित आहे, पन्नास हजार जगे जिंकून देण्याचे ऋण त्याच्या माथी आहे आणि त्याला फक्त घरी परतावयाचे आहे. परशू तोच, गर्जनाही जवळपास तीच. पण स्वामीच्या दूतापुढे तो गुडघे टेकून आर्जव करतो, त्या क्षणी प्रेक्षक सावरून बसतो.

थॅनोसचे माझ्या दृष्टीने सर्वांत उंच दर्शन मात्र कोणत्याही युद्धातले नाही. १९८२ साली स्टार्लिन यांनीच ‘द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल’ ही चित्रकादंबरी रचली. ज्याने थॅनोसशी पुन्हा पुन्हा झुंज घेतली तो वीर कर्करोगाने अंथरुणाला खिळला आहे. सर्व पराक्रमी मित्र खाटेभोवती उभे आहेत, आणि कोणाच्याही सामर्थ्याचा उपयोग नाही. शेवटच्या ग्लानीत त्याला दिसतो तो जुना वैरी. थॅनोस येतो आणि त्याच्याशी पुन्हा एकदा झुंजतो, कारण वीराला अंथरुणावरचे मरण शोभत नाही, हे मित्रांपेक्षा शत्रूला अधिक कळते. मग ते थांबतात. मृत्यू शांतपणे जवळ उभी असते. थॅनोस तिच्याशी त्याची गाठ घालून देतो, आणि तिघे एकत्र पुढे चालू लागतात.